शब्द आत्याचे, वाक्य कंपनीचं

आत्या फितूर झाली, असं सध्या सगळीकडे बोललं जातंय. चहाच्या टपरीवर, खतांच्या दुकानात, अगदी आमच्या शेतकरी संघटनेच्या खोलीतसुद्धा. बोलणाऱ्यांपैकी एकानंही तिला समोर जाऊन विचारलेलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी त्या सगळ्या दिवसांत तिच्याबरोबर होते. शेवटी तिच्याशी कडाक्याचं भांडलेसुद्धा, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. तरी माझ्यासमोर कुणी फितूर म्हणालं, तर त्याला हातातला चहा संपवू देणार नाही. म्हणून लिहितेय. आधी पूर्ण वाचा, मग तोंड उघडा.

ज्याच्याकडे फोन आणि शेत दोन्ही आहे त्याला आत्या सांगायला नको. "ऐक रे बाबा, आत्या बोलतेय," अशी सुरुवात होऊन जो फोन येतो, तो आवाज तिचा. आज पाणी देऊ नका, उद्या खुरपणी करा, मक्याच्या पोंग्यात अळी बघा. लागवडीची तारीख एकदा कंपनीला कळवली, की पिकाच्या वयाप्रमाणे फोन आपोआप येत राहतात. लोक या आवाजाला नमस्कार करतात. एक म्हातारा तर फोन संपल्यावर "येतो गं" म्हणायचा.

आणि हा आवाज जिच्या गळ्यातून निघतो, ती त्याच कंपनीच्या इमारतीत फरशी पुसते.

तिचं माहेर कांद्याच्या रानातलं. लग्न करून शहरात आली ती एका गवंड्याच्या घरात. गवंडी परांचीवरून पडून गेला, मुलगा ट्रकवर लागला आणि परगावीच राहिला. आत्यानं हातात फडकं घेतलं. इमारत तीन मजल्यांची, खाली टायरचं दुकान, मध्ये दातांचा डॉक्टर, वर कंपनी. स्वभावानं गरीब गाय वगैरे अजिबात नाही. वय विचारलं तर दहा वर्षं खाली सांगते. स्वतःच्या आवाजावर तिचा फार जीव. "माझा बाप मला रानाच्या या टोकाला उभी करायचा आणि त्या टोकाच्या माणसाला जेवायला बोलवायचा," हे मी किमान वीस वेळा ऐकलंय, आणि दर वेळी ते रान थोडं मोठं होतं.

ओल्या फरशीवर पाय दिलेला तिला खपत नाही. एकदा दातांच्या डॉक्टरचा पेशंट गाल धरून जिना चढत होता, तर ही खालून ओरडली, "दात दुखतोय ना रे तुझा? मग पायाला काय झालंय? पाय पूस आधी!" तो बिचारा गाल धरून चार पायऱ्या उतरला आणि पाय पुसून वर गेला. हे वरून कंपनीच्या साहेबानं पाहिलं.

तेव्हा साहेब अडचणीत होता. त्यांनी आधी एका शिकलेल्या बाईचा आवाज घेतला होता. शुद्ध, गोड, थंडगार. शेतकरी पहिल्या शब्दाला फोन कापायचे. कर्ज घ्या म्हणणारी बाई आली असं त्यांना वाटायचं. आणि इथे एक बाई जिन्यावरून ओरडते, तर दात दुखणारा माणूससुद्धा मागे फिरतो. साहेबानं तिला वर बोलावलं.

फायली ठेवायच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखा बंद, कारण पंखा गुणगुणतो. घामाच्या धारा लागलेल्या, आणि आत्या समोर कागद धरून शब्द बोलतेय. नुसते शब्द. एक, दोन, तीन, चार. कांदा, मका, टोमॅटो. फवारा, फवारू नका. पंपाला, एकराला, रोपाला. वाचता यायचं तिला, चौथीपर्यंत गेली होती.

"साहेब, वाक्य कधी बोलायचं?" तिनं विचारलं.

"वाक्य मशीन करतं, मावशी."

हे तिला इतकं आवडलं की ती सगळ्यांना सांगत सुटली. "मी विटा देते, घर मशीन बांधतं."

शेवटी गळा तपासायला साहेबानं सांगितलं, काहीही बोला मनाचं. ती भावाच्या पोरांना जशी बोलायची तशी बोलली, "आत्याचं ऐक रे बाबा, सुखात राहशील." साहेब खुर्चीतून उठलाच. झालं. कंपनीला नाव सापडलं. आत्या हे तिच्या भाचरांनी तिला दिलेलं नातं, ते कंपनीनं उचललं आणि हजारो घरांत वाटून टाकलं. भिंतीवर आत्याचं मोठं चित्र लागलं. गोरी, भरल्या गालांची, दात दाखवून हसणारी कुणी दुसरीच बाई. आणि ही खरी आत्या त्या चित्राची काच रोज पुसायची. मी म्हटलं, तुला राग नाही येत? म्हणाली, "चित्राला कुठे बोलता येतंय? येईल राग तिलाच माझा." तेव्हा मला हसू आलं होतं.

आता मुद्द्यावर येते.

कांद्याच्या लागवडीनंतर महिन्याभरानं आत्याचा फोन गेला. नवीन तणनाशक आलंय, कांद्याला धक्का न लावता तण मारतं, ऐंशी मिली एका पंपाला घालून फवारा. पंप म्हणजे पाठीवर घ्यायची फवारणीची टाकी, एका एकराला असे दहा पंप लागतात. औषध नवीन, कुणी आधी वापरलेलं नाही, त्यामुळे आकडा कमी की जास्त हे कळायला मार्ग नव्हता. बाटलीवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. लोक दुकानात गेले. एकानं विचारलं, एवढं लागतं का? दुकानदार म्हणाला, "आत्यानं सांगितलंय ना? मग मी कोण मध्ये बोलणारा?" आणि दहापट बाटल्या विकून मोकळा झाला. त्याची अक्कल बरोबर तेवढ्याच वेळापुरती सुट्टीवर गेली होती.

फवारणाऱ्यांत आत्याचा धाकटा भाऊ होता.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं आत्याला फोन केला. "वन्सं, एकदा येऊन बघा," एवढंच म्हणाली. आत्यानं मला गाठलं, कारण माझ्याकडे स्कूटर आहे आणि मी लेबलं वाचते. मी शाळा सोडली तेव्हा माझंही शिक्षण तिच्याइतकंच होतं, पुढचं सगळं नोटिसा, कायदे आणि औषधांची लेबलं वाचून झालंय. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवयही लागली नाही.

आम्ही रानात पोचलो. तण मेलं होतं. कांदाही मेला होता. पात शेंड्यापासून पांढरी पडून, पिळा घातल्यासारखी होऊन वाफ्यावर झोपली होती. धरून ओढली की हातात नुसतं ओलं सुतळीसारखं काहीतरी यायचं. भाऊ बांधावर बसला होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. खिशातून फोन काढला, रेकॉर्ड झालेला निरोप लावला आणि जमिनीवर ठेवला. रानात आत्याचा आवाज घुमला. ऐक रे बाबा, आत्या बोलतेय.

"हे तू बोललीस?" भावानं विचारलं.

आत्यानं निरोप पुन्हा लावला. पुन्हा लावला. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. स्वतःचा आवाज ती पहिल्यांदाच परका असल्यासारखा ऐकत होती.

"शब्द माझे आहेत," ती म्हणाली. "वाक्य माझं नाही."

"मला शेतात वाक्यच आलं, ताई. शब्द सुटे नव्हते आले."

मी बाटली उन्हात धरून ती मुंगीची अक्षरं वाचली. ऐंशी मिली. एकराला. एका पंपाला नव्हे, अख्ख्या एकराला. म्हणजे दहापट विष गेलं होतं, आणि ते सख्ख्या बहिणीच्या आवाजानं सांगितलं म्हणून गेलं होतं.

मला वाटलं आता ती रडेल. तिनं बांधावरच विचारलं, "हा फोन अजून कुणाला जायचाय?" मला कळलंच नाही. ती म्हणाली, "पोरी, फोन तारखेनं जातो. शेवटच्या पाटाकडच्या गावांना पाणी उशिरा मिळतं, त्यांची लागवड मागून झालीय. त्यांचा महिना आता भरेल."

बस. त्या क्षणापासून या बाईच्या डोक्यात एवढी एकच गोष्ट होती. माझ्या आवाजानं आणखी एक वाफा जळता कामा नये. बाकी सगळं, भरपाई, कोर्ट, कंपनीची अब्रू, हे माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. साहेब म्हणाला, "बसा ना मावशी."

"ही खुर्ची मी रोज पुसते," आत्या म्हणाली. "बसा असं आज म्हणताय. म्हणजे तुम्हाला कळलंय काय झालं ते."

साहेबाला कळलं होतं. पण साहेबांना कळलेलं त्यांच्या तोंडापर्यंत यायला फार वेळ लागतो. आधी म्हणाला, सिस्टीममध्ये चूक होत नाही. मग म्हणाला, हवामानामुळे असेल. मग म्हणाला, शेतकऱ्यांनी लेबल वाचायला हवं होतं.

"लेबलच वाचायचं होतं तर तुमचा फोन कशाला घ्यायचा?" मी म्हटलं. "कांदा गोंजारायला?"

"मॅडम, आम्ही फक्त माहिती पोचवतो. निर्णय शेतकऱ्याचा असतो."

माझं टाळकं सरकलं ते इथे. ज्याच्याकडून माहिती घेतो त्याला उलटून विचारता आलं पाहिजे, ही साधी गोष्ट आहे. शेजाऱ्यानं चुकीचा सल्ला दिला तर सकाळी त्याच्या दारात जाऊन त्याची गचांडी धरता येते, म्हणून शेजारी तोलून बोलतो. यांच्या फोनला उलटून काही विचारता येत नाही. एक दाबा, दोन दाबा. ज्ञान वाटायला निघालेत, आणि कान घरी ठेवून आलेत.

मी आवाज चढवला तसा आतल्या खोलीतून जोडणीवाला बाहेर आला. आत्याचे शब्द संगणकावर जोडून वाक्यं करायचं काम त्याचं. चांगला चाळिशीचा माणूस, गळ्यात हेडफोन, चेहरा पडलेला. साहेब डोळ्यांनी त्याला आत जा म्हणत होता, पण तो आत्याकडे बघत बोलला.

"मावशी, तुम्ही 'एकराला' म्हणालात ना, तेव्हा खालून टायरवाल्याकडे ट्रक आला होता. हॉर्न आला त्यात. तो तुकडा खराब निघाला. 'पंपाला' स्वच्छ होता. मग जिथे जिथे एकराला होतं तिथे मी पंपाला लावलं. दोन्ही मोजमापंच ना, म्हटलं."

आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही पंप बघितलाय?" आत्यानं विचारलं.

"चित्रात."

"आणि एकर?"

त्यानं मान खाली घातली. मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला सांगू? पण एक सांगते, त्या इमारतीत खरं बोलणारा तो एकटाच निघाला. आणि ज्यानं त्याला एकदाही शेतात नेलं नाही, पुन्हा ऐकून तपासायला दुसरा माणूस दिला नाही, तो समोर खुर्चीत बसून म्हणत होता, "ही अंतर्गत बाब आहे."

निरोप बंद करतो असं साहेब कबूल झाला. पण वरच्या ऑफिसची परवानगी लागेल, दोन दिवस जातील. त्या दोन दिवसांत शेवटच्या पाटाकडच्या गावांना निरोप गेला. बैल गेला आणि झोपा केला. लोकांनी बाटल्या आणल्या. नशिबानं वारा सुटला होता आणि वाऱ्यात कुणी फवारत नाही. वारा पडायचा अवकाश होता.

आम्ही माझ्या खोलीत बसून फोन करायला लागलो. सायकलच्या दुकानामागची खोली, एक टेबल, दोन स्टुलं. दुकानदाराकडून, नातेवाइकांकडून, जमेल तिथून नंबर मिळवले. आत्यानं पहिला फोन लावला. "ऐक रे बाबा, आत्या बोलतेय..." सवयीनं तेच निघालं तोंडातून. समोरच्यानं ऐकलं आणि शांतपणे ठेवून दिला. त्याला वाटलं, कंपनीचा निरोप, मागून ऐकू.

दुसऱ्यानं ठेवला नाही. तो बटण दाबत राहिला. टुक, टुक, टुक.

"अरे बटण काय दाबतोस?" आत्या म्हणाली.

टुक.

"पुन्हा ऐकायला एक दाबतोय तो," मी म्हटलं.

तिसऱ्या घरी एका बाईनं उचलला आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, आत्याचा फोन लागलाय, वाजत ठेवू का?" आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून निघून गेली. आम्हाला भांड्यांचे आवाज ऐकू येत होते. आत्या इकडून गळा फाडून ओरडतेय, फवारू नका, फवारू नका, आणि तिकडे कुकरची शिट्टी.

मी म्हटलं, मी बोलते. मी बोलले तर कुणी विचारलं, तुम्ही कोण, आणि आत्यानं तर पंपाला सांगितलंय. माझ्यापेक्षा त्या मशीनवर भरवसा जास्त. संताप असा आला की फोन भिंतीवर मारावा.

पाचव्या की सहाव्या फोनला आत्याचा बांध फुटला. समोरचा पुन्हा बटण दाबायला लागला तशी ती किंचाळली, "अरे मुडद्या, गाढवाच्या जातीच्या, ते बटण सोड आणि कान उघड! टेप नाही, बाई बोलतेय जिवंत! फवारलंस तर तुझ्या रानात राख उरेल राख, आणि मग माझ्या नावानं बोंबलशील!"

बटण थांबलं. तिकडून दबक्या आवाजात प्रश्न आला, "आत्या... शिव्या देतेय?"

"देते! अजून देऊ?"

"नको, नको. कळलं. खरी आहे." मग मागे कुणालातरी तो म्हणाला, "अगं, खरी आहे ही, शिव्या देतेय."

तेव्हापासून आम्ही सुरुवातच शिवीनं करायला लागलो. आधी शिवी, मग सल्ला. हसताय ना? आम्हीही हसलो. पण हातानं फोन करून किती होणार? कंपनीचं मशीन एका दमात हजार घरी पोचतं. आमचे बोटावर मोजण्याइतके झाले आणि आत्याचा गळा बसायला आला.

आणि मग साहेबाचाच फोन आला. एका बड्या बागायतदाराचं रान जळलं होतं, त्यानं वर दाब टाकला, आणि वरच्या ऑफिसला अचानक जाग आली. दुरुस्तीचा निरोप तातडीनं पाठवायचाय. दुसऱ्या आवाजात पाठवून पाहिला, लोक कापतात. आत्याच्या आवाजात जोडायचा, तर 'एकराला' खराब. 'चुकीचं' नाही, 'थांबा' नाही. नुसतं हे करा, ते करू नका, एवढंच यांनी बोलून घेतलं होतं. आपण कधी चुकू, हे यांच्या शब्दांतच नव्हतं.

"म्हणजे आता दोर आपल्या हातात आहे," मी जिना चढताना म्हटलं. "ते चूक कबूल करत असतील तरच बोलायचं."

साहेबानं आत्यापुढे कागद ठेवला. मी वाचला. ऐंशी मिली एकराला, म्हणजे पंपाला आठच मिली. ठीक. फवारणी झाली नसेल तर थांबा, आकडा तपासा. ठीक. आणि त्याच्याआधी पहिलंच वाक्य, 'काही शेतकऱ्यांच्या गैरसमजामुळे पिकाचं नुकसान झाल्याचं समजतं.'

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"गैरसमज कुणाचा?" मी विचारलं.

"मॅडम, ही वकिलांची भाषा आहे."

आत्या म्हणाली, "हे सोडून बाकीचं बोलते."

"पूर्ण कागद. नाहीतर नको. वरून तसं सांगितलंय."

मी तिला ओढत जिन्यात आणलं. तिला सांगितलं, हे वाक्य बोललीस तर तुझ्या भावाची केस मेली. ज्यांचं ज्यांचं जळलं त्यांची मेली. उद्या हेच तुझं रेकॉर्डिंग वकील वाजवेल, बघा, तुमची आत्याच म्हणतेय की चूक शेतकऱ्यांची. एक दिवस थांब. मी वर्तमानपत्रवाल्यांना आणते, इथे जिन्यात बसवते, यांना गुडघ्यावर आणते.

"वारा पडलाय," आत्या म्हणाली.

जिन्याच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसत होते. हलत नव्हते.

"उद्या सकाळी सगळे फवारायला निघतील. तुझे वर्तमानपत्रवाले परवा छापतील."

"भाऊ काय म्हणेल तुझा?"

"त्याचा कांदा गेलाय. माझ्या बोलण्यानं तो परत उभा राहत नाही, आणि न बोलण्यानंही नाही. त्यांचा अजून उभा आहे."

"त्यांना तेच हवंय! तू अशी वागणार हे धरूनच त्यांनी ते वाक्य घातलंय!"

"मला कळत नाही असं वाटतं तुला?" तिनं माझा हात मनगटावरून काढला. "तुझा राग चांगला आहे, पोरी. पण तो तुझ्या सोयीनं थांबतो. कांदा थांबत नाही."

मी तिला नको ते बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. ती गाद्यांच्या खोलीत गेली आणि मी काचेबाहेर उभी राहिले. गैरसमज या शब्दाशी ती थांबली. जोडणीवाल्यानं मान वर केली नाही. मग ती तो शब्द बोलली, आणि अशी बोलली की एकही तुकडा खराब निघू नये. 'एकराला' मात्र तिनं तीनदा बोलून दिला, खालचा टायरवाला गप्प आहे याची आधी खिडकीतून खात्री करून.

मला तिचं तेव्हा पटलं नव्हतं. आज, वकिलानं ते रेकॉर्डिंग सुनावणीत वाजवल्यानंतर तर मुळीच पटत नाही. मी जे सांगितलं होतं तसंच झालं. कंपनी आज त्या एका वाक्यामागे लपून बसलीय आणि ते वाक्य फोडायला मला अजून किती चपला झिजवाव्या लागतील कोण जाणे. जोडणीवाला साक्षीला येतो म्हणालाय. बघू, येईपर्यंत त्याची नोकरी टिकली तर.

पण तिला फितूर म्हणणाऱ्यांनी पुढचंही ऐकावं.

खोलीतून बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला धाकट्याकडे सोड. निरोप जायच्या आत त्याला माझ्या तोंडून कळायला हवं." मी सोडलं. अख्खा रस्ता एकमेकींशी बोललो नाही. पण मशीन आमच्या स्कूटरपेक्षा जोरात निघालं. आम्ही दारात, भावजय "या वन्सं" म्हणतेय, आणि आत भावाचा फोन वाजला. त्यानं उचलून आवाज मोठा केला. आम्ही उंबऱ्यातच थांबलो. काही शेतकऱ्यांच्या गैरसमजामुळे.

त्यानं निरोप शेवटपर्यंत ऐकला. मग दाराकडे पाहिलं.

"मला गैरसमज झाला?"

"नाही. त्यांची चूक झाली."

"मग तसं का नाही म्हणालीस?"

"म्हणाले असते तर बाकीचं पाठवलं नसतं त्यांनी."

"मशीननं जोडलं का हे पण?"

"नाही," आत्या म्हणाली. "हे मी बोलले. सबंध वाक्य, एका दमात."

भाऊ उठला. मला वाटलं अंगावर येतोय. तो खिडकीपाशी गेला, फोनवर नंबर शोधला, आणि शेवटच्या पाटाकडच्या आपल्या साडूला फोन लावला. "फवारलंस का रे? नाही ना? मग ऐक. आठ मिली पंपाला. आठ. आत्ता फोन आला तो बरोबर आहे, आधीचा सोड... हो, हो, माझं जळलं. मला गैरसमज झाला म्हणे. ते जाऊ दे, तू आठच धर, आणि शेजारच्या तिघांना सांग." मग दुसरा नंबर. मग तिसरा. प्रत्येकाला तेच. मला गैरसमज झाला म्हणे, तू आठ धर. तो शब्द तो दर वेळी तोंडात खडा आल्यासारखा बोलत होता, पण गाळत नव्हता. गाळला असता तर समोरच्यानं विचारलं असतं की मग खरा निरोप कोणता.

फोन संपल्यावर त्यानं बहिणीला बसायला सांगितलं नाही.

"शेवटच्या पाटाचा कांदा वाचेल," तो म्हणाला. "तुझ्यामुळे. हे मी कुणापाशी नाकारणार नाही. पण ताई, तो कांदा निघेपर्यंत या घरात येऊ नकोस. मला तुझा आवाज ऐकवत नाही."

भावजय मध्ये काही बोलायला गेली. आत्यानं तिला हातानं थांबवलं. एक शब्दही बोलली नाही, उगाच त्याला ऐकावा लागेल म्हणून. मान हलवली, चपला घातल्या आणि माझ्या स्कूटरकडे चालू लागली.

आता म्हणा फितूर.